व्हिब्रिओ, लसूण आणि किराईत

कोळंबीच्या तळ्यात बीज सोडून पंचवीस-तीस दिवस झाले की शेतकऱ्याचा जीव चेक ट्रेत अडकलेला असतो. चेक ट्रे म्हणजे दोरीने तळाशी सोडलेली जाळीची तबकडी. तिच्यात मोजून थोडं खाद्य टाकायचं आणि तास-दोन तासांनी वर ओढून पाहायचं. तळं निरोगी असेल तर ट्रे साफ झालेला असतो, आणि त्यात सापडलेल्या कोळंबीच्या पाठीतून आतड्याची गडद रेघ डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग दिसते. रोग शिरला असेल तर खाद्य तसंच पडून असतं. रेघ तुटक दिसते किंवा दिसतच नाही. डोक्याच्या कवचाखाली कोळंबीची हेपॅटोपॅन्क्रियाज ही ग्रंथी असते; आपल्याकडे यकृत आणि स्वादुपिंड मिळून जे काम करतात ते ती एकटी करते. एरवी तपकिरी आणि टपोरी दिसणारी ही ग्रंथी फिकट पडून आक्रसते. जाणता माणूस ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबून पाहतो. निरोगी ग्रंथी लगेच फुटते. बिघडलेली चिवट लागते आणि तिच्यात कधीकधी काळ्या रेषा दिसतात. असं आढळलं की पुढचे काही दिवस तळाशी मेलेली कोळंबी सापडत राहते.

या रोगाचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, त्यामुळे 'एएचपीएनडी' ही अद्याक्षरं रूढ झाली. शेतकरी मात्र त्याला अजून 'ईएमएस' म्हणतात, म्हणजे लहानपणीच येणारं मरण. २००९ मध्ये तो चीनमध्ये दिसला, मग व्हिएतनाम आणि मलेशियात, २०१२ मध्ये थायलंडमध्ये आणि २०१३ मध्ये थेट मेक्सिकोत. थायलंड तेव्हा कोळंबीच्या निर्यातीत जगात आघाडीवर होता; दोनेक वर्षांत त्याचं उत्पादन निम्म्याच्या आसपास आलं. सुरुवातीला कारणच सापडेना. विषाणू असेल, खाद्यातलं विष असेल, तळ्यात वापरलेलं कीटकनाशक असेल, असे तर्क चालले होते. २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने गुन्हेगार दाखवून दिला: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. जगातल्या जवळजवळ प्रत्येक खाडीत राहणारा हा जिवाणू. मग इतकी वर्षं गप्प बसलेला जिवाणू एकाएकी असा का उठला? त्याचं उत्तर आणखी दोन वर्षांनी मिळालं. त्याच्या पेशीत डीएनएचं एक सुटं कडं, म्हणजे प्लाझ्मिड, शिरलं होतं आणि त्या कड्यावर दोन विषांची जनुकं होती. त्यांना 'पिर-ए' आणि 'पिर-बी' म्हणतात. कीटकांना मारणाऱ्या काही जिवाणूंमध्ये अशाच जातीची विषं आधीपासून माहीत होती. जिवाणू कोळंबीच्या पोटात वाढतो, विष सोडतो, आणि ते विष हेपॅटोपॅन्क्रियाजच्या पेशी मारतं.

हे तपशिलाने सांगायचं कारण असं की औषधाचा सगळा विचार इथेच बदलतो. रोग घडवतं ते विष, आणि विषाचं जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. मेक्सिकोत सापडलेल्या अशा काही जिवाणूंमध्ये तर टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांना दाद न देण्याचं जनुकही होतं. म्हणजे जे औषध शेतकरी सर्वांत आधी आणतो तेच तिथे निकामी.

तरी शेतकरी प्रतिजैविकाकडे का वळतो, हे समजून घ्यायला हवं. एक हेक्टरचं तळं, चौरस मीटरला चाळीस या हिशेबाने चार लाख पिल्लं, वीज, एरेटर, खाद्य, आणि बहुतेकांच्या डोक्यावर खाद्य-विक्रेत्याची उधारी. डोळ्यांदेखत माल मरत असताना दुकानदार सांगेल ती पुडी माणूस घेतो. त्याला दोष देऊन काही साधत नाही. पण ती पुडी काय करते, हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे कोळंबीचे अनेक मोठे रोग जिवाणूंचे नसतातच. १९९४-९५ पासून भारतातल्या टायगर कोळंबीचं कंबरडं मोडणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे. गेल्या काही वर्षांत वाढ खुंटवणारा ईएचपी हा बुरशीच्या नात्यातला सूक्ष्म परजीवी आहे. या दोहोंवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही. दुसरी गोष्ट, रोग जिवाणूचाच असला तरी आजारी कोळंबी खात नाही, आणि औषध तर खाद्यातून द्यायचं असतं. ते खातात त्या अजून धडधाकट असलेल्या कोळंब्या. कोळंबी घास गिळत नाही. पायांत धरून कुरतडत खाते, तोवर गोळीतलं औषध पाण्यात उतरत राहतं. तिसरी गोष्ट रसायनशास्त्राची. ऑक्सिटेट्रासायक्लिन समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून बसतं, आणि असं बांधलं गेलेलं औषध जिवाणूच्या फारसं कामी येत नाही. उरलेलं तळाच्या चिखलात जातं. तिथले जिवाणू त्याच्या कमी-अधिक मात्रेत दिवसेंदिवस राहतात, आणि त्यातले जे तगतात तेच पुढच्या हंगामाला हजर असतात.

हा धोका जुना आहे. १९९४ मध्ये मंगळुरूच्या मत्स्य महाविद्यालयातल्या इंद्राणी करुणासागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायगर कोळंबीच्या एका हॅचरीतल्या सामूहिक मृत्यूचा अभ्यास प्रसिद्ध केला. अळ्या मारणारा व्हिब्रिओ हार्वेयी क्लोरॅम्फेनिकॉल, एरिथ्रोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि कोट्रायमोक्साझोल या चारही औषधांना दाद देत नव्हता. तो टाक्यांच्या भिंतींवर चिकट थर करून राहत होता. टाकी रिकामी केली, धुतली, नवं पाणी भरलं, तरी त्याच थरातून जिवाणू पुन्हा पाण्यात पसरत होता. व्हिब्रिओ हार्वेयी अंधारात चमकतो. ज्या हॅचरीत तो माजतो तिथे रात्री दिवे मालवले की अळ्यांच्या टाकीत निळसर-हिरवट उजेड दिसतो. समुद्रकिनाऱ्यावर अशी चमक पाहायला लोक लांबून येतात. हॅचरीवाल्याच्या मात्र ती पाहून पोटात गोळा येतो.

मग निर्यातीचा बडगा. २००१-०२ मध्ये युरोपच्या बंदरांत आशियातून आलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचे अंश सापडले आणि माल परत जाऊ लागला. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित काही माणसांच्या अस्थिमज्जेचं काम कायमचं थांबू शकतं, म्हणून त्याची सुरक्षित मात्रा मानलीच जात नाही. युरोपने तपासणीची रेषा किलोला ०.३ मायक्रोग्रॅमवर आखली आणि २०२२ च्या अखेरीपासून ती ०.१५ वर आणली. वीस टनांच्या कंटेनरला हिशेब लावला तर सगळ्या मालात मिळून तीन मिलिग्रॅम. भारतातून २०२३-२४ मध्ये सात लाख टनांहून अधिक गोठवलेली कोळंबी बाहेर गेली, सुमारे ४० हजार कोटी रुपयांची. एवढा व्यापार तीन मिलिग्रॅमवर अडकू शकतो. २०२३ मध्ये किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा प्रतिजैविकांवरची बंदी थेट कायद्याच्या शब्दांत आली.

इथपर्यंत आलं की सगळ्यांचं मन आपोआप झाडपाल्याकडे वळतं. आपल्याकडे तर विशेष. लसूण, हळद, तुळस, गुळवेल, पेरूची पानं, आणि कोकणात घरोघरी तापावर जिचा कडूजहर काढा पाजतात ती किराईत. त्यातल्या बहुतेक वनस्पतींवर कोळंबीच्या जिवाणूंच्या संदर्भात खरोखरच काम झालेलं आहे. थायलंडच्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच पेरूच्या पानांचा अर्क व्हिब्रिओवर तपासला आणि तो जिवाणूची वाढ रोखतो असं दाखवलं. तसे शोधनिबंध आता ढिगाने आहेत. आणि बहुतेकांचा आधार एकच प्रयोग असतो: काचेच्या बशीत जिवाणूंचा थर वाढवायचा, अर्कात भिजवलेली कागदी चकती त्यावर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचं.

हे वर्तुळ मला नेहमी फसवं वाटतं. प्रयोग खोटा असतो असं नाही. बशी आणि तळं यांच्या आकारमानातला फरक कुणी मांडत नाही, ही माझी तक्रार आहे. समजा, एखादा अर्क मिलिलिटरला एक मिलिग्रॅम इतक्या तीव्रतेला व्हिब्रिओ रोखतो. निबंधांत अशा तीव्रता सर्रास दिसतात आणि त्या 'परिणामकारक' म्हणून नोंदल्या जातात. आता एक हेक्टरचं, १.२ मीटर खोल तळं घ्या. त्यात १२,००० घनमीटर पाणी असतं. तेवढ्या पाण्यात ही तीव्रता आणायची तर १२ टन सुका अर्क लागेल. पानं नव्हेत, अर्क. एवढी पानं तोडायची तर पेरूच्या बागाच्या बागा उघड्या पडतील, आणि इतका सेंद्रिय माल पाण्यात पडला की तो कुजताना प्राणवायू खाऊन कोळंबी आधी मरेल. म्हणजे पाण्यातून देऊन जिवाणू मारायचा विचार सोडून द्यावा लागतो. उरतो खाद्याचा मार्ग. तिथे आकडे माणसात येतात: त्याच तळ्याला ऐन वाढीच्या काळात दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खाद्य लागतं, आणि किलोला दहा ग्रॅम लसूण धरली तर दीड किलो लसूण पुरते.

वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, ही समजूतही तळ्याच्या काठावर टिकत नाही. कोळंबीवाल्यांना हे खरं तर आधीपासून ठाऊक आहे, कारण बीज सोडण्यापूर्वी तळ्यातले शिकारी मासे मारायला ते मोहाची पेंड वापरतात. हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो पेंड मीटरभर पाण्यात टाकली की मासे तळमळून वर येतात. पेंडीतलं सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांवर आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतं. कोळंबीच्या रक्तात तांबड्या पेशी नसतातच. प्राणवायू वाहून नेणारं निळसर हिमोसायनिन थेट रक्तद्रवात विरघळलेलं असतं. म्हणून माशाला मारणारी सॅपोनिनची मात्रा ती सोसते. चहाच्या बियांची पेंड तर कोळंबी तळ्यात असतानाही याच कामासाठी बेताने वापरतात. एकाच वनस्पतीजन्य पदार्थाने मासा मरतो आणि कोळंबी वाचते, ते केवळ दोघांच्या शरीररचनेतल्या फरकामुळे.

कडुनिंबाचं उलट आहे. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन कीटकांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, म्हणून ते शेतात कीटकनाशक म्हणून चालतं. कोळंबीही संधिपाद संघातली, म्हणजे कीटकांची दूरची नातेवाईक. तिचीही वाढ कात टाकूनच होते आणि त्यामागचं संप्रेरक त्याच कुळातलं आहे. माणसाच्या त्वचेला आणि दातांना मानवणारा कडुनिंब कोळंबीला मानवेल असं गृहीत धरणं म्हणूनच धोक्याचं आहे. आणि जे क्लोरॅम्फेनिकॉल आज 'केमिकल' म्हणून बदनाम आहे, ते १९४७ मध्ये सापडलं व्हेनेझुएलातल्या मातीतल्या एका जिवाणूत. ऑक्सिटेट्रासायक्लिनही मातीतल्या जिवाणूचंच. निसर्गातून आलं की रासायनिक नव्हे, हा भेद विक्रेत्यांच्या पत्रकांत शोभतो.

मग वनस्पतींचा उपयोग कशाला? माझं ठाम मत असं, की त्यांना हिरवं प्रतिजैविक समजलं की त्या हमखास अपयशी ठरतात, आणि त्यांच्या खऱ्या कामाला लावलं तर त्या फार मोलाच्या आहेत. हे खरं काम जिवाणूला मारण्याचं नाही.

मारण्यातली अडचण आधी पाहू. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या पीटर द श्रिव्हर, टॉम डेफॉयर्ट आणि पॅट्रिक सॉर्जलूस यांनी ईएमएसबद्दल एक मांडणी केली. व्हिब्रिओ हा मोकळी जागा आणि भरपूर अन्न मिळालं की झपाट्याने वाढणारा जिवाणू आहे. अनुकूल परिस्थितीत त्याची संख्या दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होऊ शकते. बीज सोडण्याआधी क्लोरिन टाकून सगळं पाणी निर्जंतुक करायचं, ही पद्धत स्वच्छतेची वाटते. पण त्यात सावकाश वाढणारे, निरुपद्रवी जिवाणूही मरतात. मग खाद्य पडतं, विष्ठा साठते, आणि रिकाम्या झालेल्या त्या पाण्यात सर्वांत आधी जो वाढतो तो व्हिब्रिओ. हे प्रतिजैविकाला लागू आहे, तितकंच जोरदार जंतुनाशक वनस्पती-तेलालाही लागू आहे. फिलिपाइन्समध्ये १९९० च्या दशकात चमकणाऱ्या व्हिब्रिओने टायगर कोळंबीचा धंदा बसवला, तेव्हा इलोइलोजवळच्या सीफडेक या आग्नेय आशियाई मत्स्यविकास संस्थेच्या केंद्रात आणि आसपासच्या तळ्यांत जे चाललं ते 'हिरवं पाणी': तिलापिया मासे ठेवलेल्या टाकीतलं, शैवालाने आणि नाना जिवाणूंनी भरलेलं पाणी कोळंबीच्या तळ्यात खेळवायचं. गर्दीत व्हिब्रिओला डोकं वर काढता येत नाही.

वनस्पतीतल्या काही द्रव्यांना जिवाणूला जिवंत ठेवून निःशस्त्र करता येतं, आणि या विषयातला हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. चमकणारा व्हिब्रिओ एकटा-दुकटा असताना चमकत नाही. प्रत्येक पेशी पाण्यात थोडे संदेशरेणू सोडते. आसपास भाईबंद वाढले की ते रेणू साठतात, त्यांची पातळी ठरावीक रेषेपलीकडे गेली की सगळ्या पेशी एकदम चमकू लागतात, आणि त्याच इशाऱ्यावर हल्ल्याची काही हत्यारंही बाहेर निघतात. ग्रामसभेत गणसंख्या भरल्याशिवाय ठराव घेता येत नाही, तसंच हे. अशा सामुदायिक संकेताची पहिली ठोस नोंद १९७० मध्ये समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंवरच झाली. आता दालचिनीकडे या. तिला वास आणि तिखटपणा देणारं सिनॅमाल्डिहाइड व्हिब्रिओच्या या यंत्रणेतल्या शेवटच्या कडीवर बसतं. संदेश पोहोचल्यावर डीएनएला धरून जनुकं चालू करणारं जे प्रथिन असतं, त्याची डीएनएवरची पकड सैल होते. गेन्टच्याच गटाने २००८ मध्ये हे दाखवलं. वापरलेल्या मात्रेत जिवाणू मरत नव्हता, त्याची वाढही थांबत नव्हती. तो फक्त हल्ल्याला तयार होत नव्हता.

यातला फायदा लक्षात घ्या. प्रतिजैविकापुढे जो जिवाणू तगतो त्याला सगळं रान मोकळं मिळतं, म्हणून प्रतिकारशक्ती वेगाने पसरते. ज्याचा फक्त हल्ला थांबवलाय त्याला तसा मोठा लाभ नसतो. प्रतिकार कधीच उद्भवणार नाही असा दावा कुणी करू नये, पण त्यासाठीचा दाब कमी असतो. याच मार्गातले खाचखळगेही माहीत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर डेलिसिया पुल्क्रा नावाचं लाल शैवाल मिळतं. त्यातली फ्युरॅनोन द्रव्यं हे संकेत फार परिणामकारकपणे तोडतात; पण मात्रा थोडी वाढली की ज्या प्राण्याला वाचवायचं त्यालाच ती विषारी ठरतात.

दुसरं काम कोळंबीच्या स्वतःच्या बचावाचं. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. एकदा झालेला रोग नेमका ओळखून लक्षात ठेवण्याची आपली जी यंत्रणा आहे ती तिच्यात नाही, म्हणून माशांना देतात तशी लस तिला देता येत नाही. तिचा सगळा भरवसा रक्तपेशींवर आणि एका एन्झाइम-साखळीवर. कवचाला जखम झाली की थोड्या वेळात तिथे काळा डाग पडतो, तो याच साखळीचा. जिवाणूच्या किंवा बुरशीच्या आवरणातले काही शर्करासाखळ्यांचे तुकडे ही साखळी जागी करतात, आणि अनेक वनौषधींमधली द्रव्यंही तेच करतात असं दिसतं. तमिळनाडूत मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठातल्या टी. चितारसू यांच्या गटाने २००६ मध्ये टायगर कोळंबीच्या खाद्यात दूर्वा, बेल, गुळवेल, कुटकी आणि माका यांचे अर्क एकत्र दिले. त्यानंतर पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूची लागण केली असता अर्क खाल्लेल्या कोळंब्या जास्त जगल्या. हा प्रयोग विषाणूचा आहे, पण तो इथे सांगण्यासारखा आहे, कारण वनस्पतीने थेट विषाणूला न मारताही कोळंबीची झुंजायची ताकद वाढू शकते असा संकेत त्यातून मिळतो. हा बचाव ठरावीक दिवस जागा राहतो. सतत चाबूक ओढत राहिलं तर परिणाम ओसरतो. म्हणून जाणकार थोडे दिवस देऊन मध्ये खंड ठेवायला सांगतात.

आणि वेळ. ही सगळी साधनं रोगाच्या आधीची आहेत. चेक ट्रेत पांढरी पडलेली ग्रंथी दिसल्यावर किराईत देऊन काही होणार नाही. खाणंच बंद झालेल्या कोळंबीच्या पोटात ती जाणार कशी?

लसणीचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण ती सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत जास्त वाया जाते. सोललेल्या अखंड पाकळीत ॲलिसिन नसतं. त्याचं मूळ द्रव्य ॲलिइन आणि त्यावर काम करणारं एन्झाइम पाकळीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं; लसणीचा झणका तो हाच. १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळं काढलं. म्हणजे आधी उकळून काढा केला की एन्झाइम मेलं, आणि ॲलिसिन बनलंच नाही. लसूण बारीक ठेचून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवावी, मग पाण्यात कालवून गाळावी. तो रस सावलीत पसरलेल्या तयार खाद्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळावा, वर माशाच्या तेलाचा किंवा डिंकाचा पातळ लेप द्यावा म्हणजे रस पाण्यात लगेच उतरत नाही. अर्धा तास सावलीतच सुकवून त्याच दिवशी टाकावं. ॲलिसिन टिकाऊ नाही. चार दिवसांचं खाद्य एकदम माखून ठेवलं तर चौथ्या दिवशी फक्त वास उरतो. खाद्य-कारखान्यात गोळी बनतानाच लसूण घातली तर वाफेच्या उष्णतेचा प्रश्न तिथेही आहेच. हळदीचं दुखणं वेगळं: कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसं शोषलं जात नाही आणि उन्हात विरतं. पण आतड्याच्या आत, व्हिब्रिओ जिथे ठाण मांडतो तिथेच काम करायचं असेल तर शोषलं न जाणं ही तितकीशी उणीव नाही.

बाजाराबद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. 'हर्बल', 'ऑरगॅनिक', 'नॅचरल ग्रोथ' अशा नावांच्या बाटल्या कोळंबीच्या प्रत्येक पट्ट्यात दिसतात. त्यातल्या अनेकांवर कोणत्या झाडाचा कोणता भाग, कोणत्या द्रावकात काढलेला, मुख्य द्रव्य किती टक्के, हे लिहिलेलं नसतं. किराईत पावसाळ्यात कापली की फुलोऱ्यावर, यावर तिच्यातल्या अँड्रोग्राफोलाइड या मुख्य द्रव्याचं प्रमाण बदलतं. एका लॉटला गुण आला आणि दुसऱ्याला नाही, तर दोष कुणाचा? त्याहून गंभीर भीती भेसळीची. वनौषधीच्या बाटलीत चिमूटभर प्रतिजैविक मिसळलं की ती 'चमत्कार' करते, आणि काढणीपूर्व तपासणीत अंश सापडला की भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. त्याने तर मुद्दाम झाडपाला घेतलेला असतो. म्हणून किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाने प्रतिजैविकमुक्त म्हणून प्रमाणित केलेल्या निविष्ठांच्या यादीत बाटलीचं नाव आहे का, हे पाहण्याची सवय हवी. यादीत नाव असणं म्हणजे औषध गुणकारी आहे असं नव्हे. त्यात प्रतिजैविक नाही, एवढीच ती खात्री.

कोकणासाठी या विषयाला वेगळा अर्थ आहे. पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत खारभूमीवर कोळंबीची तळी आहेत, आणि गोव्यातल्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींत, तर भरतीच्या पाण्याबरोबर आलेली कोळंबी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारात ओहोटीला पकडण्याची पद्धत फार जुनी आहे. तिथे ना बीज सोडलेलं असतं ना खाद्य टाकलेलं. चौरस मीटरला कोळंब्या मोजक्या. त्या पद्धतीला औषधं लागली नाहीत याचं श्रेय विरळपणाला द्यायला हवं. आजच्या व्हेनामी जातीच्या कोळंबीच्या तळ्यात चौरस मीटरला चाळीस-पन्नास कोळंब्या ठेवून तेच आरोग्य कोणत्याही पानाने परत येणार नाही. बीज पीसीआर या रोगजंतूचं जनुक शोधणाऱ्या चाचणीने तपासलेलं, घनता बेताची, तळाचा गाळ वेळेवर काढलेला, खाद्य चेक ट्रे पाहून टाकलेलं: एवढं असेल तर लसूण आणि किराईत आपली भर घालू शकतात.

रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, आणि कोकणात किराईत, पेरू, ओवा, दूर्वा यांची वाण नाही. इथे व्हायला हवा तो प्रयोग अवघड नाही, चिकाटीचा आहे. एकाच प्रकल्पातली सारख्या आकाराची सहा तळी, एकाच हॅचरीचं एकाच दिवशी सोडलेलं बीज. चिठ्ठ्या टाकून तीन तळी निवडायची आणि त्यांना द्रव्याचं प्रमाण मोजलेला अर्क खाद्यातून द्यायचा, आठवडाभर देऊन आठवडाभर खंड ठेवत. उरलेल्या तीन तळ्यांना तोच तेलाचा लेप, अर्काविना. कोणत्या तळ्यात काय आहे हे ट्रे पाहणाऱ्या माणसाला सांगायचं नाही. दर आठवड्याला पाण्यातल्या, तळाच्या गाळातल्या आणि हेपॅटोपॅन्क्रियाजमधल्या व्हिब्रिओंची गणना करायची; टीसीबीएस या व्हिब्रिओ वाढवण्याच्या माध्यमावर हिरव्या आणि पिवळ्या वसाहती वेगळ्या मोजायच्या आणि विषाचं जनुक असलेले किती हे पीसीआरने पाहायचं. काढणीला जगलेल्या कोळंब्यांची टक्केवारी, सरासरी वजन, किलोभर कोळंबीमागे लागलेलं खाद्य आणि अर्काचा खर्च यांची नोंद ठेवायची, आणि अर्क देऊनही तळं बसलं असेल तर तो निकालही तितक्याच ठळकपणे छापायचा. मग पुढच्या हंगामात दुसऱ्या खाडीवर हेच पुन्हा करायचं.